आन्तेची गळकी बर्फगाडी

आन्तेच्या बर्फगाडीचा रेडिएटर गळायला लागला तो नेमका शनिवारी, आणि रविवारी सरोवरापलीकडच्या कुंपणात कळपातून आपापले रेनडिअर निवडायला जायचं होतं. बायको बिरेत सहज म्हणाली, "निल्लासला बोलाव ना. तो वेल्डिंग करून देईल." निल्लास म्हणजे शेजारी. गेल्या हिवाळ्यात त्याची बायको वारली आणि तेव्हापासून बिरेतच्या तोंडी त्याचंच नाव. त्याचा हात कसा सफाईदार, तो कसा कमी बोलतो. ऐकून आन्तेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात गाडी बंद राहिली, तर उद्या बिरेत निल्लासच्या मागे बसून सरोवर ओलांडणार. ते चित्र काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मला हात नाहीत का?" तो म्हणाला.

हात होते. सीटखालचा लांबट अॅल्युमिनियमचा रेडिएटर त्याने रिवेट तोडून काढला, इंजिन गार ठेवणारं उरलंसुरलं कूलंट ओतून टाकलं, गाडीखाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या खिळ्यांनी पडलेली चीर घासूनपुसून इपॉक्सी गोंदाने भरली. डब्यावर लिहिलं होतं, चोवीस तास उबेत ठेवा. बाहेर उणे तीस. मग त्याने सौनात, म्हणजे घामाने अंग शेकायच्या लाकडी खोलीत, मंद जाळ केला आणि रेडिएटर वरच्या बाकावर आडवा ठेवला.

दुपारी कळलं, बिरेतने निल्लासला सौनाला बोलावलंय. शनिवारी एकट्या माणसाने स्वतःपुरता सौना काय तापवायचा, असं तिचं म्हणणं. म्हणजे निल्लास त्याच बाकाशी येणार, ठिगळ बघणार आणि काही न बोलता नुसती मान हलवणार. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं आन्तेला वाटलं. सहा तासही झाले नव्हते, तरी त्याने रेडिएटर उचलला, गाडीला बसवला आणि नवं कूलंट भरून टाकलं.

"गाडी झाली?" सौनात निल्लासने विचारलं.

"कधीच," आन्ते म्हणाला.

सकाळी बिरेत मागे बसली तशी त्याची छाती फुगली. जंगलातल्या भुसभुशीत बर्फात गाडी झकास चालली. पट्टा रेडिएटरवर बर्फ उडवत होता, त्याने तो गार राहत होता. सरोवरावर मात्र वाऱ्याने सगळं झाडून नेलेलं, खाली नुसता टणक बर्फाचा थर. उडायला काहीच नाही. मध्यावर इंजिन तापलं, ठिगळ सुटलं आणि कूलंट खाली हिरवंगार सांडलं.

निल्लास मागून आलाच. मुकाट्याने दोर बांधू लागला. ओढायच्या गाडीचं हँडल एकाने धरायचं आणि दुसऱ्याने पुढच्या गाडीवर बसायचं.

"बिरेत, तू जा त्याच्या गाडीवर. इथे गारठशील." आन्ते दुसरीकडे बघत म्हणाला.

"मी हँडल धरते," बिरेत म्हणाली. "रेडिएटर सहा तासांत का उचललास, ते मला कळत नाही असं समजू नकोस. तू बस त्याच्या मागे. आणि घट्ट धर त्याला."

उरलेलं सरोवर आन्तेने निल्लासच्या कमरेला मिठी मारून पार केलं. एकदा त्याने मागे वळून पाहिलं. बिरेत हसत होती. पण ते दोघे एकामागे एक, एकाच रेषेत बसलेले. ती नेमकी कुणाकडे बघून हसतेय, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.