मिटलेल्या डोळ्यांचा फोटो

मी एक जुनी माहितीची फाईल आहे. मित्रांनो, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायचे एक सॉफ्टवेअर आहे. ते सारखे दिसणारे फोटो शोधून जास्तीचे पुसते. कुणीही फुकट घ्यावे, कुणीही सुधारावे, असे ते खुले आहे. ते कसे वापरायचे हे सांगण्यासाठी, ते बनवणाऱ्या ताईने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मला लिहिले. तिचे बाबा निवृत्त मुद्रितशोधक. त्यांनी माझा एकेक स्वल्पविराम तपासला आणि म्हणाले, "पोरी, हे मलासुद्धा कळलं की!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

पुढे दूरदूरचे लोक मदतीला आले आणि त्यांनी वेबसाइट थाटली. रंगीत चित्रे काय, शोधायची खिडकी काय, नुसता नट्टापट्टा! जो तो तिचे गोडवे गाऊ लागला. मला कुत्रे विचारेना. माझ्या पोटात दुखू लागले, खोटे कशाला बोलू? नव्याचे नऊ दिवस, असे म्हणत मी वाट पाहत राहिले.

मग 'साफ' ही आज्ञा बदलली. पूर्वी ती पुसण्याआधी विचारायची. सारखे 'हो' म्हणायचा लोकांना कंटाळा आला, म्हणून ती न विचारता पुसू लागली. विचारायला हवे असेल, तर पुढे 'विचारून' असे जोडायचे. ताईने हे साइटवर लिहिले. माझ्यात लिहायचे राहून गेले.

एका दुपारी बाबा संगणकासमोर बसले. आईला जाऊन वर्ष झाले होते. तिचे फोटो त्यांना नीट लावायचे होते.

"बाबा, साइट बघा ना," ताई म्हणाली.

"नको गं, आपली जुनीच बरी. मी स्वतः तपासलेली आहे."

मी हरखले. बरी जिरली साइटची, असे मनात म्हटले. बाबांनी माझ्यातली 'साफ'ची ओळ जशीच्या तशी टाइप केली.

आई गच्चीवर हसत होती, ते तीन फोटो जवळजवळ सारखेच होते. सॉफ्टवेअरने पहिला ठेवला आणि दोन न विचारताच पुसले. पहिल्यात आईचे डोळे मिटलेले होते. बाकीच्या दोन्हींची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"माझंच चुकलं, बाबा," ताई रडत म्हणाली.

बाबा पडद्याकडे बघत राहिले. "मी ही ओळ तपासली होती गं," एवढेच म्हणाले.

आता ताई प्रत्येक आज्ञा एकाच ठिकाणी लिहिते आणि तिथूनच आम्हा दोघींना मजकूर मिळतो. मित्रांनो, नवे लिहाल तेव्हा जुन्याचीही खबर घ्या. जुन्यावर विसंबलेले कुणीतरी असतेच.

साइटचा हेवा मला अजूनही वाटतो. तिच्यावर विश्वास ठेवून कुणाचे काही गेले नाही.