लाल पट्टीत बसणं

मुलांच्या दंडाचा घेर मोजणं हे माझं काम. पट्टीवर तीन रंग असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे अशक्त, लाल म्हणजे जिवाला धोका. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. नुसत्या ओढण्याने दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. निर्वासितांच्या या छावणीत माझं नाव 'पट्टीवाली'.

त्या सोमवारी वरून कागद आला. मदतनिधी आटला, यापुढे पौष्टिक पाकिटं फक्त लाल मुलांना.

रांगेत पहिल्याच एक आजी होत्या, नातीला घेऊन. नातीची आई वाटेतच गेलेली, त्यामुळे सगळं त्यांच्याच गळ्यात. नात टेबलावर ऐटीत बसली आणि माझं पेन ओढायला लागली. दंड अकरा पूर्णांक सात सेंटिमीटर. लाल साडेअकराच्या खाली सुरू होतो.

"आजी, पिवळी आहे. पिवळ्याला आता पाकीट नाही."

"गेल्या सोमवारी तर दिलंस!"

"नियम बदलला."

"म्हणजे पोरगी जरा सावरली, त्याची शिक्षा?" आजी हसल्या. मग पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "ओढ ना गं जराशी. तुझ्याच तर हातात आहे."

खोक्यात सहा मुलांपुरती पाकिटं होती. मागे लाल किती निघतील, कुणास ठाऊक. मी पट्टी ओढली नाही.

"पुढच्या सोमवारी या. लाल पट्टीत बसली तर लगेच देते."

त्या दिवशी लाल पाचच निघाली. सहावा वाटा कुलपात परत गेला.

पुढच्या सोमवारी आजी लांबूनच हात हलवत आल्या. मुठीत गाठ मारलेला दोरा होता.

"मागच्या वेळी तुझी लाल रेघ बघून गाठ मारली होती. आज घरीच मोजलं. बसणार बघ!"

नातीला टेबलावर ठेवलं, तर ती एका बाजूला कलंडली. पेनाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. एका हाताने तिला सावरून मी पट्टी टेकवली. अकरा पूर्णांक दोन. पट्टी सैल करून पुन्हा मोजलं. आपलं माप चुकलेलं निघावं, असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

"बसली का गं?" आजींनी विचारलं.

नातीची मान माझ्या मनगटावर पडली होती.

"बसली," मी म्हणाले.

"बघ, म्हटलं नव्हतं?" आजी मागच्या बाईला दोरा दाखवत म्हणाल्या.