केशरबाईचा कान

"मिस्त्री, उद्या बाजार हाय. गिरणी बंद ऱ्हायली तर उदगीरचा मिस्त्री रेलनं बलावतो. मंग तुमी बसा घरी."

गिरणीमालक भगवानराव अंगणात उभे राहून सांगत होते आणि त्रिंबक त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. भगवानरावांची मिशी म्हणजे छपराची वळचण. तिच्याखाली ओठ दिसतील तर शपथ. 'बाजार' आणि 'उदगीर' एवढंच त्याला उमगलं. त्यानं मान हलवली.

सगळ्या घाटनांदुरात त्याची ख्याती अशी, की माणूस कामाचा, पण मिजासखोर. हाक मारली तरी वळून बघत नाही. मिजास कसली डोंबलाची, बहिरा होता तो. तेलाच्या इंजिनाशेजारी जन्म गेला, त्यात कान गेले. हे ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला, केशरबाईला. बहिऱ्या मिस्त्रीच्या हाती इंजिन कोण देणार? म्हणून तिनं ते झाकून ठेवलं. कुणी काही विचारलं की हीच पुढं होऊन उत्तर देई. गाव म्हणे, बाई लई तोंडाळ. म्हणेना का.

इंजिनाचा दम गेला की तो सिलिंडर बैलगाडीत घालून घरी आणी, तोंडं बंद करून पंपानं हवा भरी, आणि केशरबाई लोखंडाला कान लावून बसे. "हितं. हितून सुस्कारतंय," म्हणत बोट ठेवी. शेजारच्या मुक्ताबाई कुंपणापलीकडून हसत, "कितवा लागलाय गं त्येला?" केशरबाईही हसे. तिला मूल नव्हतं.

शिमग्याच्या आधी ती तापानं गेली.

आज सिलिंडर अंगणात होता आणि ती बसायची ती जागा रिकामी होती. त्रिंबकनं हवा भरली, तळवा फिरवला. पण तळव्याला घट्टे, त्याला फुंकर काय कळणार? मुक्ताबाईंना बोलवावं असं मनात आलं. मग कारण सांगावं लागलं असतं, आणि उद्याच्या बाजारात ते गावभर झालं असतं.

कोनाड्यात केशरबाईचे न्हाण्याचे रिठे तसेच पडले होते. त्यानं ते कुटले, पाण्यात घुसळले, फेस सिलिंडरवर थापला. झडपेच्या कडेला बुडबुडे फुटू लागले.

"केशरे, डोळ्यांनी दिसतंय की गं हे," तो म्हणाला. स्वतःचा आवाजही त्याला ऐकू आला नाही. सापडलं याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्याला रडू आलं.

दुपारभर त्यानं झडप घासून बसवली. पुन्हा हवा भरली, पुन्हा फेस लावला. फेस हलला नाही. काम झालं होतं. पण केशरबाईनं "आता गप हाय" म्हटल्याशिवाय त्यानं कधी सिलिंडर परत नेला नव्हता. त्यानं फेस पुसला आणि ती लावायची तिथंच आपला कान लावला.

"भाऊजी, सकाळधरनं पोटात काई न्हाई तुमच्या. भाकर आनलीय," मागून मुक्ताबाई म्हणाल्या. थांबून पुन्हा हाक मारली. तो पाठमोराच होता.

"मानसाला येवढी मिजास कावून असती," असं पुटपुटत त्यांनी भाकर उंबऱ्यावर झाकून ठेवली आणि त्या निघून गेल्या.

त्रिंबक लोखंडाला कान लावून बसून राहिला, कुणीतरी "गप हाय" म्हणेल म्हणून.