केरबानं मागं बघितलं

"चौसष्ट? काटा बिघडलाय की!" सयाजी गुळाच्या काट्यावरून उतरला आणि परत चढला. चौसष्टच!

मार्केट यार्डात तीस वर्षं तोलाईदारी केलेला माणूस तो. गुळाची ढेप नुसती उचलून वजन सांगायचा. स्वतःचं वजन त्यानं बासष्टच्या पुढं कधी जाऊ दिलं नव्हतं, आणि आता महिन्याभरात दोन किलो? त्यानं तिथूनच सुनेला फोन लावला. अनुजा जिममध्ये शिकवायची. शर्यतीसाठी रोज चमचाभर क्रिएटिन, ताकदीची पावडर, तिनंच चालू केली होती.

"अगं, तुझ्या पावडरीनं माझा रेडा झाला की!"

"मामा, चरबी न्हाय ती. पाणी हाय, स्नायूत धरलेलं. चढाला जरा जड जाईल, पण शेवटच्या झपाट्याला ताकद मिळंल."

"आणि दम?"

"दम काय डब्यात मिळत न्हाय. त्यो तुमचा तुम्हीच आणायचा."

"झालं कल्याण!"

रविवारी वाघबीळ ते पन्हाळा शर्यत होती. म्हाताऱ्यांत नेमानं पळणारे दोघेच, सयाजी आणि कोडोलीचा म्हशीवाला केरबा. बारा वर्षं केरबाच पुढं. हरण्याचं सयाजीला एवढं काही वाटत नसे. पण केरबा एकदाही मागं वळून बघायचा नाही, मागं कुणी पळतंय हे त्याच्या गावीच नसायचं, ते मात्र जिव्हारी लागायचं. एकदा तरी गड्याला मागं बघायला लावायचं, एवढाच सयाजीचा हट्ट होता.

रविवारी घाटात त्या दोन किलोंनी चांगलाच इंगा दाखवला. केरबा वळणाआड दिसेनासा झाला.

"पावणं, जीप बोलवू काय?" कडेचा एकजण ओरडला.

"तुझ्या आज्जाला बसीव त्यात!" म्हणत सयाजी पळत राहिला.

चढ संपला आणि त्यानं मान वर केली. पन्नास पावलांवर केरबा चक्क थांबला होता, मागं बघत! सयाजीच्या अंगात काय संचारलं देव जाणे. मांड्या अशा काही उसळल्या की तरणी पोरं बाजूला झाली. त्याला येताना बघून केरबाही वळून सुटला, आणि शेवटी हातभर अंतरानं जिंकला.

दोघंही गवतावर आडवे झाले.

"घाबरलास न्हवं?" सयाजी धापा टाकत हसला. "बघितलंस की मागं!"

"घाबरलो की," केरबा म्हणाला. "बारा वर्षं तुझ्या बुटांचा आवाज ऐकत पळतोय मी. मागं बघायची गरजच न्हवती. आज घाटात आवाजच यीना. म्हटलं, पडलं का काय म्हातारं."

म्हातारा कुणाला म्हणतोस, असं विचारायचंही सयाजीचं राहून गेलं.

घाट उतरताना केरबा सवयीनं दोन पावलं पुढं चालत होता. सयाजी मागून निघाला, मुद्दाम बूट आपटत.