सुरगाठ

“काळं पाणी पोटात ठेवी, पांढरं पाणी दात दावी.” वडिलांचा घोगरा आवाज चाळीस वर्षांनंतरही नदीकाठाने पुढे पुढे चालत होता, आणि शिंपी काठीने दगड चाचपत त्याच्या मागोमाग उतरत होता.

“बाबा, हे कुठलं?” अकरा वर्षांच्या लेकीने खालून विचारलं.

त्याने मान तिरकी करून कान दिला. खळखळ नव्हती.

“पोटाचं. इथे मासा मुक्कामाला असतो.”

उजव्या खिशातलं लाल रीळ काढून त्याने फांदीला धागा बांधला. दोन वेढ्यांची पक्की निरगाठ, उरलेलं शेपूट दातांनी तोडलेलं. लाल म्हणजे उद्या पहाटे गळ इथे टाकायचा. डाव्या खिशातलं पिवळं रीळ दाताच्या पाण्यासाठी. उथळ, तिथे फिरकायचं नाही.

“अहो, जरा दमानं,” मागून बायको म्हणाली. “मासे काय गाडी पकडायला निघालेत?”

तो हसला, पण थांबला नाही. मासे नव्हते, तोच गाडी पकडायला निघाला होता. डॉक्टरांनी डोळ्यांना वर्षभराची मुदत दिली होती, तिलाही सात महिने झाले. त्यांचा कागद दुकानातल्या बटणांच्या डब्यात तळाशी होता. आधी रंग विझले, मग नजरेच्या मधोमध करडा डाग येऊन बसला. लेकीला पाणी वाचायला शिकवायचं राहिलं होतं. बापाने ते डोळ्यांनी बघून शिकवलं, असं तिला आयुष्यभर वाटावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

दुपारी सपाट खडकावर डबे उघडले. कोट फांदीला टांगलेला. लेकीने त्यातली रिळं काढून आईच्या मनगटावर दोन्ही रंगांचे दोरे गुंडाळले, मग रिळं परत खिशात टाकली.

पुढे दोन जागा झाल्या. तिसऱ्या जागी पाणी दगडांवर नुसतं खिदळत होतं. त्याने डाव्या खिशात हात घातला, धागा बांधला.

“दाताच्या पाण्याला लाल?” लेक हसायला लागली. “इथे काय खडे धरायचे? आणि मघाशी पोटाच्या पाण्याला पिवळा बांधलास.”

त्याचा हात गाठीवरच राहिला.

“परीक्षा घेत होतो तुझी.”

“चल गं पुढे,” आईने तिला ढकललं. “मोठी आली वकिलीणबाई.”

दोघी वळणाआड गेल्यावर त्याने दोन्ही रिळं उन्हात धरली. डोळ्यांजवळ आणली, लांब नेली, एकेक ओठांना लावून पाहिलं. दोन्ही राखेसारखी. तीस वर्षं गिऱ्हाईक कापड टाकायचं आणि तो पाठमोरा उभा राहूनही जुळता धागा काढायचा. आता त्याने रिळं खिशात टाकली, कुठलं कुठे ते न बघता.

त्यानंतर तो नुसता बांधत गेला. मागे रेंगाळणाऱ्या बायकोच्या छोट्या कात्रीचा कट् आवाज अधूनमधून येत राहिला. लेकीची नखं कापत असेल, असं त्याने मनाला सांगितलं.

उन्हं कलल्यावर ते परत फिरले. लेक पुढे पळाली. वाटेचा अंदाज यावा म्हणून तो फांद्यांवरचे धागे चाचपत चालला, आणि एका धाग्यापाशी बोटं अडली. ही गाठ त्याची नव्हती. पुढची फांदी. तीही नाही. दुपारनंतरच्या सगळ्या फांद्यांवर सुरगाठी होत्या, ओढलं की सुटणाऱ्या, फुलासारख्या. अशी गाठ घरात एकच माणूस मारायचं.

त्याने टोक ओढलं. धागा अलगद तळहातावर आला.

“दुकानातली रिळंसुद्धा?” मागे न वळता त्याने विचारलं.

तिने मनगटावरचा उरलेला दोरा सोडला.

“रोज सकाळी लावून ठेवते,” ती म्हणाली. “तुम्ही आंघोळीला गेलात की. डावीकडून लाल, मग पिवळी. तुमच्या सवयीनं.”

पुढून लेक धावत आली. “बाबा, धागा का सोडलास? उद्या जागा कशी सापडणार?”

तो खडकावर बसला, तिच्या उंचीला आला. तिची मूठ उघडून धागा आत ठेवला आणि मिटवली.

“तू कुठला रंग ते सांग, मी पाणी ऐकून सांगतो,” तो म्हणाला. “मला दिसत नाही, बाळा.”