हिरव्या काचेवरची साय

बांगडी फुटली, असं सवाष्ण कधी म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणते. कर्जतच्या बांगड्यांच्या भट्टीवर केस पिकवलेला इद्रिसही तसंच म्हणायचा. म्हणून कुंभिवलीहून चालत आलेल्या सोनाबाईनं फडक्यातली हिरवी बांगडी पुढे करून, “वाढली ओ भाय, जोडून द्या,” म्हटलं, तेव्हा त्याला काही वावगं वाटलं नाही. परक्या बाईच्या तोंडाकडे बघायची त्याची रीत नव्हती, आणि तिचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला होता.

बांगडी मात्र त्यानं लगेच ओळखली. तिचा नवरा नामा त्याच्याच जोडीला काम करायचा. ब्रह्मदेशच्या लढाईवर जाण्याआधी त्यानं ती मोठ्या हौसेनं बायकोसाठी केली होती.

“नवी घे ना वैनी. जुन्या काचेचा भरवसा नाय.”

“हीच पायजे.”

आता आली का पंचाईत! एकदम जाळावर धरावी, तर तडा पार जाऊन तुकडेच हातात येणार. सावकाश तापवावी, तर काच पांढरी पडणार. आणि पडायला लागते तीही नेमकी जिथे ओरखडा उठलाय, ताण बसलाय, तिथूनच. धड काच बराच वेळ निभावून नेते, दुखावलेली मात्र लगेच साय धरते.

इद्रिसनं सावकाशीनं घेतलं. तडा मिटला. पण त्याच्या कडेनं पांढरे ठिपके उठले, मग वापराच्या बारीक ओरखड्यांवर पसरले, आणि बघता बघता हिरवा रंग झाकून गेला. इद्रिसनं ती झटकन जाळावरून काढली. नवरा लढाईवर, आणि बाईच्या हातात पांढरी बांगडी द्यायची?

निवल्यावर त्यानं ती फडक्याखाली लपवली आणि एक नवी हिरवी बांगडी पुढे केली.

“माजा हात चुकला, वैनी. आता ही घाल. नामा आला की दुसरी करून देल.”

सोनाबाईनं पदराखालचे हात बाहेर काढले. दोन्ही मनगटं मोकळी होती; एकावर काच लागल्याची खपली होती.

“वाढली नवती, भाय. फोडल्या. तार आली त्याच दिशी बायांनी हात दगडावर आपटलं. ही येकटी नुसती तडकली. ती मी लपवली.”

इद्रिसला रडू आलं. त्यानं ते आवरलं नाही. फडकं बाजूला करून बांगडी तिच्यापुढे धरली.

तिनं ती उचलली, नखानं साय खरवडून पाहिली. निघेना.

“बरं झालं,” ती म्हणाली. “हिरवी असती तर सासूनं ठेवू दिली नसती.”