खोसी जेवेना

थुसोला पुरून महिना उलटून गेला होता, तेव्हा म्माथुसोच्या ध्यानात आलं की बेडूक जेवत नाहीये.

तिचं स्वतःचं नाव बोइकान्यो. पण मुलगा जन्मला त्या दिवसापासून अख्खं मोचुडी गाव तिला म्माथुसो, म्हणजे थुसोची आई, म्हणून हाक मारत आलं होतं. तो गेल्यावर ही हाक बदलायची असते का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. हाक आली की ती मान वर करायची, इतकंच.

थुसो वायरमन होता. लोबात्से गावचं काम आटपून घरी येताना त्याची गाडी अंधारात रस्त्यावर बसलेल्या गाईवर गेली. घर माणसांनी भरलं, रोज संध्याकाळी प्रार्थना झाल्या, शनिवारी उजाडताना माती दिली, आणि कुटलेल्या मांसाची मोठमोठी पातेली घासून पालथी पडली. या सगळ्यात म्माथुसो रडली नाही. बायका म्हणाल्या, येईल रडू, आज ना उद्या येईल. तिनं काही दिवस वाट पाहिली. मग ती पुन्हा मशीनवर बसून शाळेचे गणवेश शिवू लागली. शिवण सरळच पडत होती.

बेडूक थुसोचा. एका घराचा पाया खणताना ढेकळाच्या आत, कागदासारख्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला सापडला होता, तेव्हा लिंबाएवढा होता. आता जेवणाच्या ताटलीत मावत नव्हता. थुसोच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत दिवसभर एका जागी बसून राहायचा, समोर आलेलं गिळायचा आणि कुणालाही उत्तर द्यायचा नाही, म्हणून थुसोनं त्याचं नाव खोसी ठेवलं. खोसी म्हणजे गावचा प्रमुख. म्माथुसोला तो प्राणी कधी आवडला नव्हता. खोलीत सुद्धा ती दारातूनच डोकावायची. पण पोरगा गेल्यावर कोंबड्यांना दाणे टाकायचे तसं याच्या पुढ्यात किडे टाकायचे, हे काम तिच्याकडे आलं आणि ती ते करत राहिली.

आधी तिला वाटलं, पोट भरलं असेल. मोठा बेडूक रोज खात नाही, हे तिला थुसोच्या बोलण्यातून माहीत होतं. पण आठवडा गेला, दुसरा गेला, तरी गांडूळ नाकासमोर वळवळलं की खोसी डोळे मिटून घ्यायचा. तिनं मांसाचा तुकडा ठेवून पाहिला. वाळवलेले फाने, म्हणजे मोपानेच्या झाडावरच्या अळ्या, माणसं चवीनं खातात, त्या पाण्यात भिजवून ठेवल्या. त्या तिथेच फुगून पडल्या. जे हलत नाही ते त्याला दिसतच नाही, हे तिला नंतर कळलं. शेजारीण म्हणाली, थंडी आली, आता तो जमिनीत शिरून झोपायचा, तू कशाला जीव काढतेस. गुरांच्या डॉक्टरला फोन केला तर तो आधी हसला. मग घर कुठलं ते ध्यानात येऊन त्यानं माफी मागितली, आणि बेडकातलं आपल्याला काही कळत नाही असं सांगितलं.

ज्या माणसाला कळत होतं, त्या माणसाला म्माथुसोनंच दारातून परत पाठवलं होतं.

तिचं नाव पोनो. ती राजधानीत, गाबोरोनेत, चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची. थुसोचं तिच्याशी चांगलं जमलं होतं, हे घरात माहीत होतं, पण अजून मोठी माणसं मागणी घालायला तिच्या घरी गेली नव्हती, आणि मागणी झाली नाही तोवर मुलगी कुणीच नसते. मातीच्या वेळी ती घरच्या बायकांत बसली नाही. मागे चुलीपाशी कांदे चिरत राहिली. नंतर एकदा येऊन तिनं बेडूक मागितला, तेव्हा थुसोची आत्या सेगामेत्सी दारात उभी होती. या घरातलं या घरात राहील, असं आत्या म्हणाली. आपल्याकडे अशा वेळी बापाच्या बहिणीचा शब्द शेवटचा. म्माथुसो मागे खुर्चीवर बसून होती. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. पोनो निघून गेली.

पोनोला फोन लावताना म्माथुसोला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. तिनं सरळ सांगितलं, "मी म्माथुसो बोलतेय. खोसी जेवत नाही."

पोनोनं विचारलं, "कधीपासून?"

"नीट सांगता येत नाही. पोरी, मला काहीच नीट सांगता येत नाही."

शनिवारी दुकान सुटल्यावर पोनो आली. बरोबर झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत रातकिडे होते. तिनं वाकून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि चहासुद्धा न घेता थुसोच्या खोलीत गेली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणी पाय न अडखळता शिरलं. तिनं पेटीवरच्या दिव्याखाली हात धरून पाहिला, ऊब ठीक होती. पाणी कुठलं घालता, विचारलं. म्माथुसो म्हणाली, नळाचं, पण रात्रभर उघडं ठेवून मग, थुसो ठेवायचा तसं. पोनोनं मान हलवली. कातडी पाहिली, डोळे पाहिले. त्यानं घाण शेवटची कधी केली, असं विचारलं तेव्हा म्माथुसोला आठवेना. मग पोनोची नजर पेटीच्या तळाशी गेली.

"म्मा, माती कुठे गेली?"

तळाशी पांढरी खडी पसरली होती. म्माथुसो रोज ती बघत होती. रोज त्यावर किडे टाकत होती. खडी आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण ते आत कुठे पोचलंच नव्हतं.

"सेगामेत्सीनं केलं असेल," ती हळूहळू म्हणाली. "माती द्यायच्या आधी पाहुण्यांसाठी खोल्या साफ केल्या. वास येतो म्हणाली. ही... ही थुसोच्या कबरीवर घालायला आणलेली खडी. त्यातलीच."

पोनोनं खोसीला उचलून त्याच्या पोटाखाली बोटं फिरवली आणि एका जागी थांबली. किडा धरताना तो तोंड भरून तळाचंही घेतो, तिनं सांगितलं. माती असली तर निघून जाते, खडा अडकतो. कोमट पाण्यात बसवून बघू. नाहीच जमलं तर शहरात न्यावं लागेल, पण तिथेही कापाकापी करणारा कुणी मिळेलच असं नाही.

म्माथुसोनं कपडे धुण्याचं घमेलं आणलं. पाणी त्याच्या खांद्याला लागेल एवढंच घातलं, नाक वर राहील असं. पोनोनं पोट हलकेच चोळावं आणि म्माथुसोनं त्याला धरून ठेवावं असं ठरलं. तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. तो गार आणि जड होता, मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा. धरताच खोसीनं तोंड वळवलं आणि तिचा अंगठा जबड्यात धरला.

पोनो घाबरून त्याचा जबडा उघडायला लागली.

"राहू दे," म्माथुसो म्हणाली. "ओढलंस तर त्याचा जबडा मोडेल. सोडेल तो."

रक्त पाण्यात उतरलं. म्माथुसो ते बघत होती.

"म्मा, दुखत नाही का?"

"दुखत असेल," म्माथुसो म्हणाली.

त्यानं अंगठा सोडला तेव्हा अंधार पडला होता आणि गाबोरोनेची शेवटची गाडी गेली होती. म्माथुसोनं अंगठ्याला शिवणकामातली चिंधी बांधली, ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज आणि भाजी वाढली, आणि पोनोला थुसोच्याच खोलीत पांघरूण दिलं. दुसरी खोली रिकामी होती, पण तिथे झोप असं ती म्हणाली नाही. पोनोनं पेटीतली खडी काढून ओली जुनी गोणी पसरली.

रविवारी सकाळी पुन्हा घमेलं, पुन्हा कोमट पाणी. उन्हं अंगणात आली तेव्हा पाणी गढूळ झालं, आणि तळाशी काळसर घाणीत तीन पांढरे खडे पडलेले दिसले. पोनोनं खोसीला उचलून ओल्या गोणीवर ठेवलं. म्माथुसोनं घमेलं उचललं आणि कांद्याच्या वाफ्यात ओतून दिलं.

ती रिकामं घमेलं घेऊन वळली तर फाटकात सेगामेत्सी. चर्चमधून तशीच आलेली, अंगात पांढरा सदरा, डोक्याला टोपी. तिची नजर दारातल्या पोनोवर गेली आणि तिथेच राहिली.

"ही इथे रात्री राहिली?"

म्माथुसोनं जे झालं ते सांगितलं. बेडूक, खडी, पोट. सेगामेत्सी ऐकत गेली तसा तिचा आवाज खाली आला. मातीला येणाऱ्या माणसांना घर नीट दिसावं म्हणून केलं, ती म्हणाली. दिसायला पांढरीशुभ्र, स्वच्छ. आपल्याला काय कल्पना.

"चांगल्यासाठीच केलंस," म्माथुसो म्हणाली. तिनं स्वतःच्या आत राग शोधून पाहिला. तो नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला उगाच वाटून गेलं. मग ती म्हणाली, "सेगामेत्सी, ही थुसोची बायको होणार होती. सुतक सोडायच्या दिवशी ही घरच्या बायकांत बसेल."

"मागणी झाली नव्हती. लोक काय म्हणतील?"

"मला विचारायला सांग लोकांना."

सेगामेत्सीनं टोपी काढून हातात घेतली. त्या दिवशी घरच्या सगळ्या बायका एकाच निळ्या छापाचे झगे घालणार होत्या, आणि कापड तिनंच आणून ठेवलं होतं. ती म्हणाली, "कापड माणसं मोजून आणलंय. एकीचंही जास्तीचं नाही."

"माझ्यातलं काढते."

"आणि तू?"

"मी बाह्या आखूड करीन. घेर कमी करीन. शिवणारी मीच आहे ना."

सेगामेत्सी पोनोकडे वळली. तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "उभी काय राहिलीस? म्हातारीला चहा दे." पोनो आत पळाली. चहा झाल्यावर म्माथुसोनं गळ्यातली मापाची फीत काढून तिची मापं घेतली. खांदे, छाती, कंबर. चिंधी बांधलेल्या अंगठ्यामुळे फीत सरकत होती, म्हणून दुसरं टोक सेगामेत्सीनं धरलं.

खोसी लगेच खायला लागला नाही. पोनोनं निघताना बजावलं होतं, मागे लागू नका, त्याला मातीत बसू द्या, संध्याकाळी एक किडा सोडा, नाही खाल्ला तर काढून घ्या. म्माथुसोनं मुंग्यांच्या वारुळाची माती चाळून, ओली करून भरली. ती रोज एक रातकिडा सोडायची आणि रोज परत बरणीत घालायची. आपण कशासाठी हे करतोय, असं तिला एकदा-दोनदा वाटलं. तरी तिनं करणं सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती शेजारी उभी असतानाच मातीतून डोकं बाहेर आलं, आणि रातकिडा होता तिथे नव्हता. इतकं पटकन, की तिनं पाहिलं की नाही याचीच तिला शंका आली. खोसी दोन्ही डोळे आत ओढून गिळत होता.

तिनं पोनोला फोन लावला.

"खाल्लं."

"खरंच? किती?"

"एक."

पलीकडे पोनो रडायला लागली. आधी दाबून, मग दाबता येईना म्हणून मोठ्यानं, पोरं रडतात तशी. मातीच्या दिवशी कांदे चिरताना तिला कुणी रडू दिलं नव्हतं. म्माथुसो पलंगाच्या कडेला बसली. तिच्या डोळ्यांत काही आलं नाही, आणि ते येत नाही म्हणून तिला वाईटही वाटलं नाही. तिनं फोन कानाला धरून ठेवला. मध्ये एकदा हात अवघडला तेव्हा दुसऱ्या कानाला घेतला.

रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "शनिवारी ये, पोरी. झगा घालून बघायला हवा."